नखांवरचे चंद्र आणि थायरॉइडचा रिपोर्ट

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं आणि दोन्ही हात समोर धरले. "पाय बरं, चंद्र गेले ना माझे? दोनच बोटांवर उरले. थायरॉइड झालं वाटते." मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबमध्ये चौदा वर्षांपासून रक्त काढते, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये माझा हुद्दा अर्ध्या डॉक्टरचा आहे. चंद्र म्हणजे नखाच्या मुळाशी दिसणारी पांढरट अर्धगोल कोर. ती आपल्या आठ बोटांवरून गायब असल्याचं काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं होतं.

तो फॉरवर्ड त्याच आठवड्यात मला आणखी तीन ग्रुपांवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आठ बोटांवर चंद्र नसतील तर थायरॉइड मंदावलंय. पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी. उभ्या रेघा म्हणजे व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह आणि डी कमी. नख ठिसूळ असेल तर थायरॉइड नक्कीच. नख चमच्यासारखं खोलगट असेल तर लोह कमी, गोळ्या सुरू करा. सगळ्यांवर उपाय बायोटिन (हे एक बी व्हिटॅमिन), सात दिवसांत फरक. आणि शेवटी, 'महागड्या टेस्ट कशाला? देवानं दहा रिपोर्ट बोटांवरच दिलेत.' टेस्टवर माझं पोट चालतं, तेव्हा पुढचं सगळं तेवढ्या सावधपणे वाचा.

आधी चंद्रांचं पाहू. नख तयार होतं ते कातडीखाली लपलेल्या मुळाशी, आणि त्या मुळाचा पुढे डोकावणारा भाग म्हणजे हा चंद्र. अंगठ्यावर तो बहुतेकांना दिसतो. करंगळीकडे जावं तसा तो कातडीच्या घडीखाली जातो, आणि वय वाढलं की आणखी दिसेनासा होतो. तो नाहीसा झालेला नसतो, झाकलेला असतो. पार्लरमध्ये मॅनिक्युअर करताना नखाजवळची कातडी मागे ढकलतात तेव्हा दोनाचे पाच चंद्र होतात. तेवढ्यात थायरॉइड सुधारलं म्हणायचं का? किती बोटांवर चंद्र हवेत याचा आकडा वैद्यकात कुठेही नाही. माझ्या स्वतःच्या हातावर तीन आहेत आणि थायरॉइड ठणठणीत आहे.

पांढऱ्या ठिपक्यांवर फार वेळ घालवायला नको. लहानपणी आकाशात बगळ्यांची रांग दिसली की आपण नखं घासत 'बगळ्या बगळ्या फूल दे' म्हणून ओरडायचो, आणि ठिपका दिसला की बगळ्यानं फूल दिलं असं मानायचो. कॅल्शियमची थिअरी त्याच्यापेक्षा फारशी पुढची नाही. नख बनतं केराटिन या प्रथिनापासून, कॅल्शियम त्यात नावापुरतंच असतं. ठिपका बहुधा नखाच्या मुळाला बसलेल्या बारीकशा माराचा असतो. दार लागलं, टेबलावर बोटं वाजवायची सवय असली, दातांनी नख कुरतडलं, एवढंही पुरतं. मार बसल्यावर ठिपका वर यायला आठवडे लागतात, म्हणून तो प्रसंग आपल्याला आठवत नाही.

निरुपद्रवी म्हणून हे सोडून दिलं असतं, पण ज्यांना खरोखर थायरॉइड आहे अशा बायका हा फॉरवर्ड वाचून कॅल्शियमची गोळी सुरू करतात आणि सकाळच्या थायरॉक्सिनबरोबरच, म्हणजे थायरॉइडच्या गोळीबरोबरच, गिळतात. कॅल्शियम आणि लोह, दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यात अडवून धरतात. थायरॉक्सिन आणि या गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं. अंतर ठेवलं नाही तर थायरॉइडची गोळी रोज घेऊनही टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की तो वाढतो) चढतो, आणि डोस वाढवायची वेळ येते.

रेघांच्या बाबतीत फॉरवर्डनं चुकीची रेघ पकडलीय. उभ्या रेघा चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारख्या, वयानं येणाऱ्या. त्यात बी-ट्वेल्व्हही नाही आणि डीही नाही. डीचं म्हणाल तर त्याची कमतरता नागपुरात भरपूर सापडते, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हातसुद्धा, कारण त्या उन्हात कुणी बाहेर पडतच नाही. पण ती रक्तात कळते. आणि नखं बघून डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याऐवजी रोज घेणारे लोक मी पाहिलेत. डी जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर ताण येतो.

बोलकी असते ती आडवी रेघ, म्हणजे नखावर आडवी गेलेली खाच. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८४६ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला 'बोची रेघ' म्हणतात. शरीरावर मोठं संकट आलं, जोराचा ताप, मोठं ऑपरेशन, केमोथेरपी, की मुळाशी नखाचं काम काही दिवस थांबतं. काम पुन्हा सुरू झालं की त्या खाड्याची खूण नखाबरोबर पुढे सरकत जाते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे खाच मुळापासून सहा मिलिमीटरवर असेल तर दुखणं दोनेक महिन्यांपूर्वीचं. पावसाळ्यात डेंग्यूनं झोपलेल्या माणसाच्या नखांवर दिवाळीच्या सुमारास अशा खाचा दिसू शकतात, आणि त्या बऱ्याच बोटांवर एकाच अंतरावर असतात. एकाच बोटावर असेल तर त्या बोटाला काहीतरी लागलं होतं, इतकंच.

याच हिशेबानं सात दिवसांचा दावाही तपासा. आठवड्यात नख पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. टोकाचा जो भाग आपण कापून टाकतो तो पाच-सहा महिन्यांपूर्वी तयार झालेला असतो. पायाच्या नखाला तर वर्षाच्या वर लागतं. नख ही जुनी बातमी आहे, आणि आज घेतलेली गोळी जुनी बातमी बदलू शकत नाही.

आता थायरॉइड. इथे फॉरवर्डमध्ये थोडं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. थायरॉइड मंदावलं की नखं हळू वाढतात, पातळ आणि ठिसूळ होतात. थायरॉइड जास्त झालं तर नख पुढच्या बाजूनं खालच्या मांसापासून सुटायला लागतं, बरेचदा अनामिकेपासून. त्याला प्लमरचं नख म्हणतात. पण 'थायरॉइड बिघडलं तर नख बिघडू शकतं' यावरून 'नख बिघडलं म्हणजे थायरॉइड' हे निघत नाही. पाऊस आला की रस्ता ओला होतो, पण रस्ता ओला दिसला तर मनपाचा टँकरही गेलेला असू शकतो. ठिसूळ नखांचं सगळ्यात साधं कारण पाणी: दिवसातून दहादा भांडी-धुणं, त्यात साबणाची पावडर, मग हात कोरडे, पुन्हा ओले. नख फुगतं, आकसतं, आणि टोकाला पापुद्रे सुटतात. वर नेलपॉलिश आणि ते काढायचं रिमूव्हर. सुटलेल्या नखामागेही बहुधा बुरशी, सोरायसिस किंवा मार असतो. पिवळ्या नखांवरही एकदा मला प्रश्न आला होता. त्या बाईंच्या घरी आदल्या दिवशी सावजी मटण झालं होतं, मसाला हातानं चोळलेला.

मंदावलेलं थायरॉइड एकटं नखात येत नाही. थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी कातडी, वाढतं वजन, पाळीचा गोंधळ, सगळ्यांना पंखा हवा असताना आपल्याला थंडी वाजणं, यातलं काही सोबत असतं. तसं असेल तर टीएसएच करा, नखं कशीही असोत.

चमच्यासारखं नख हा फॉरवर्डमधला सगळ्यात खरा मुद्दा. नखावर पाण्याचा थेंब ठेवला आणि तो ओघळला नाही, तर लोहाची कमतरता तपासायलाच हवी. (तान्ह्या बाळांच्या पायाची नखं अशी असतात, ते सोडा.) चूक आहे ती पुढच्या तीन शब्दांत: 'गोळ्या सुरू करा.' पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. पण रक्तक्षय म्हणजे दरवेळी लोहच कमी असं नाही, आणि विदर्भात तर तसं मुळीच धरू नये. आपल्याकडे सिकलसेल आहे, थॅलेसेमियाचे वाहक आहेत, दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. त्यांचंही हिमोग्लोबिन कमी येतं, पण लोह पुरेसं असू शकतं, आणि ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात ते उलट साठत जातं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) केलं की लोहाचं कळतं. सिकलसेलची तपासणी वेगळी असते, ती मागावी लागते. आणि लोह कमी निघालं तरी प्रश्न उरतोच की ते जातंय कुठे: पाळीत, मूळव्याधीत, की पोटातल्या एखाद्या जखमेतून. चमच्यासारखं नख एवढं सांगत नाही.

या सगळ्यात मला खरा राग येतो तो बायोटिनचा. माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, आणि ते अंड्यात, शेंगदाण्यात, साध्या जेवणात मिळून जातं. केस-नखांच्या गोळीत ते १० मिलिग्रॅमसुद्धा असतं, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. ठिसूळ नखांना फायदा दिसल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, तेही महिनोन्‌महिने गोळी घेतल्यावरचे. पण माझी अडचण निराळी आहे. थायरॉइडच्या बऱ्याच किटमध्ये रक्तातला हार्मोन पकडायला बायोटिनचाच गोंद वापरलेला असतो. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की ते गोंदाच्या जागा आधीच अडवतं. मग टीएसएच खोटा कमी येतो, आणि टी-थ्री, टी-फोर हे थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन खोटे जास्त. कागदावर हुबेहूब वाढलेलं थायरॉइड दिसतं. माणूस ठणठणीत असतो.

कितीतरी वर्षं एकाच डोसवर स्थिर असलेल्या एका ताईंचा टीएसएच आमच्याकडे अचानक तळाला आला. डोस कमी करायचं ठरतच होतं. सहज विचारलं, नवीन काही सुरू केलंय का? पर्समधून गुलाबी डबी निघाली. डबी आठवडाभर बंद ठेवून पुन्हा रक्त घेतलं, आकडा जुन्या जागी. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेनं, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये याच गोष्टीचा इशारा दिला होता, कारण हृदयाच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा अशी चुकू शकते. थायरॉइडच्या टेस्टआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद हवं, डोस मोठा असेल तर त्याहून जास्त. म्हणजे फॉरवर्ड सांगतो की टेस्ट नको, ही गोळी घ्या, आणि तीच गोळी नंतरची टेस्ट बिघडवते.

शिवाय नखं दरवेळी काहीतरी कमी पडल्यानंच बिघडतात असंही नाही. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस भराभर गळू लागले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथूनच नखं विद्रूप होऊन गळाल्याच्या बातम्या आल्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे. सेलेनियम हे गरजेचंच द्रव्य, थायरॉइडलाही लागतं, पण अति झालं की आधी केस आणि नखंच जातात. केस-नखांच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये तेही घातलेलं असतं.

आणि ज्यासाठी नखं खरंच पाहावीत ते फॉरवर्डमध्ये नाहीच. दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून धरा. मध्ये पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची बारीक फट दिसली पाहिजे. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगीर झाली असतील, तर छातीच्या डॉक्टरांकडे जा, कारण फुप्फुस किंवा हृदयाचं दुखणं असू शकतं. दुसरी खूण काळी उभी रेघ. आपल्या सावळ्या कातडीवर बऱ्याच बोटांना फिकट तपकिरी रेघा असतात, त्यांचं काही नाही. बी-ट्वेल्व्ह कमी झाल्यावरही नखं काळवंडू शकतात. पण एकाच बोटावर, बहुधा अंगठ्यावर, नव्यानं आलेली, रुंदावत जाणारी, मुळाजवळच्या कातडीपर्यंत काळेपणा सांडलेली रेघ असेल तर थांबू नका, तो कर्करोग असू शकतो. तेव्हा जायचं त्वचारोगतज्ज्ञांकडे, आमच्या काउंटरवर नाही. ते रक्तात दिसत नाही, नखाखालचा तुकडा काढूनच तपासावा लागतो.