भिडेचे पैसे

आज ठाण्याच्या नौपाड्यात घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायकांसाठी एक मार्गदर्शन वर्ग होता. चांगले पाचशे रुपये भरून गेले. समोरचे गृहस्थ सांगत होते, "ग्रुपवर टाका, फक्त ५ पाकिटं शिल्लक. घरात ५० असली तरी. आणि सुरुवात ओळखीच्यांपासून करा, त्यांना नाही म्हणता येत नाही." सगळ्या जणी वहीत उतरवून घेत होत्या! मी उठून आले. तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय.

नाही म्हणता येत नाही. हे मी एकदा केलंय.

माझ्या भाजणी-मसाल्याच्या घरगुती व्यवसायाचं दुसरं वर्ष होतं. दिवाळी तोंडावर आणि चकलीची भाजणी जास्त दळून आणलेली. जिन्यातल्या काकू अर्धा किलो न्यायला आल्या. मी म्हटलं, "दोन किलो न्या हो काकू, शेवटचीच आहे, परत दळणार नाही." त्यांच्या घरी माणसं दोन. काकूंनी पर्समधल्या नोटा मोजल्या, परत मोजल्या आणि दिल्या. मला कोण आनंद!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याकडे गेले. कप ठेवायला आत गेले तर ओट्यावर माझं पाकीट. माझ्या अक्षरातलं लेबल आणि आत पिठाला जाळं धरलेलं. काकूंनी माझी नजर पाहिली. म्हणाल्या, "अगं, माझंच राहून गेलं बघ करायचं."

माझंच! चूक माझी आणि ओशाळल्या त्या.

स्टॉलचं भाडं, गॅस, गिरणी, सगळं डोक्यावर असतं, मान्य. पण म्हणून माणसाची भीड विकायची? ऑनलाइन विक्रीतली असली खोटी घाई तर सरकारच्या २०२३च्या नियमावलीतल्या १३ फसव्या प्रकारांमध्ये आहे. नियम नसता तरी काकूंचा चेहरा पुरेसा होता मला.

गप्प बसूनही माल खपत नाही, हेही खरं. पहिल्या प्रदर्शनात मी मान खाली घालून बसले आणि दिवसभरात तीन पाकिटं गेली. बोलायला हवंच. पण आपल्या जिनसाबद्दल बोला ना! तांदूळ धुऊन सावलीत वाळवते, डाळी वेगवेगळ्या भाजते कारण प्रत्येकीला आच वेगळी लागते, धणे-जिरे शेवटी. हे सांगताना मला कधीच लाज वाटत नाही. गोडा मसाला चिमूटभर हातावर देते, वास घ्या म्हणते. कुणी किलोभर मागितला तर आधी विचारते, घरात माणसं किती? त्यात खोबरं आणि तीळ असतात, पडून राहिला की खवट होतो. दोघांना १०० ग्रॅम पुष्कळ. दळल्याची तारीख पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिते. दिवाळीआधी ग्रुपवर एकच मेसेज. "बघते" म्हणून गेलेल्या बाईला परत फोन नाही. हे सगळं मी त्या ओट्यापाशी शिकले, कुठल्या वर्गात नाही.

आज त्या वर्गात पुढच्या रांगेत एक मुलगी होती, पंचवीसेक वर्षांची, पापड करते. तिनं विचारलं, "पण सर, उरलेली पाकिटं त्यांनी पाहिली तर?" सगळे हसले. तिला तेव्हाच बाहेर बोलवायला हवं होतं मी. ती हे वाचत असेल तर, बाळा, तुझी शंका बरोबर होती.

काकू आता घोडबंदरला मुलाकडे असतात. दीड किलोचे पैसे पाकिटात घालून ठेवलेत. उद्या जाणार आहे. काय म्हणून हातात द्यायचे, ते मात्र अजून सुचत नाहीये.