काठीतून आवाज येत नाही, हे खरंच

पाश्चात्त्य संगीताचे कंडक्टर झुबिन मेहता यांचा फोटो लावलेला एक मजकूर पुन्हा फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकापुढे नोटेशन असतंच, मधला माणूस, म्हणजे कंडक्टर, नुसती काठी हलवतो. मेहतांना वाद्य येत नाही, डॉक्टरकी सोडून गेले आणि निव्वळ नशिबानं सव्विसाव्या वर्षी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचे प्रमुख झाले. ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकात, तर गायकच सगळं करतात, कंडक्टर मंचापुढच्या खड्ड्यात असतो, कुणाला दिसतही नाही.

नोटेशनपासून सुरू करू. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात ज्यांनी पाश्चात्त्य संगीत कधी ऐकलं नाही त्यांनाही माहीत असते: तीन तुटक स्वर आणि चौथा लांबवलेला. गंमत अशी की कागदावर सुरुवातीला स्वर नाहीच, तिथे एक छोटी विश्रांती आहे. म्हणजे सगळ्यांनी मिळून आधी शांततेत पाऊल टाकायचं आणि मग एकदम तुटून पडायचं. चौथ्या स्वरावर थांबण्याची खूण आहे, पण किती थांबायचं ते लिहिलेलं नाही. साठ-सत्तर जणांनी ते मनानं ठरवलं तर काय होईल, याची कल्पना करा. शिवाय वादकापुढे कागद असतो तो फक्त त्याच्या वाद्याचा. सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेला पूर्ण स्कोअर असतो कंडक्टरकडे. त्यातही हॉर्न या पितळी वाद्याच्या वादकाच्या कागदावर जो ‘सी’ स्वर असतो तो वाजतो ‘एफ’, म्हणजे पट्टीच वेगळी, आणि हे सगळं कंडक्टरला मनातल्या मनात जुळवून ऐकावं लागतं.

दुसरी अडचण निव्वळ अंतराची आहे. मंच वीस मीटर रुंद धरला तर या टोकाचा आवाज त्या टोकाला पोहोचायला सेकंदाचा साधारण सतरावा भाग लागतो. द्रुत लयीत तेवढ्यानं घोटाळा होतो. कानावर विसंबला तो मागे पडला. डोळ्यानं वाजवावं लागतं. आपल्या मैफलीत गायक आणि तबलजी हातभर अंतरावर बसतात, समेला मान हलली की काम झालं, म्हणून आपल्याला हा माणूस फालतू वाटतो. पण आपल्याकडेही वादक वाढले तेव्हा तो आलाच. शंकर-जयकिशनच्या रेकॉर्डिंगला गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा वाद्यवृंदापुढे उभे राहायचे ते शोभेसाठी नव्हे.

‘कंडक्टरशिवायही ऑर्केस्ट्रा चालतात’ असं यावर उत्तर येतं. येऊ द्या, ते खरं आहे. मॉस्कोत १९२२ साली पेर्सिमफान्स नावाचा असा वाद्यवृंद निघाला. तो दहा वर्षं चालला, पण एका माणसाचं काम सगळ्यांनी वाटून घ्यायचं तर तालमी कितीतरी जास्त कराव्या लागत. न्यूयॉर्कचा ऑर्फियस आजही असा वाजवतो, पण तो लहान संच आहे. आणि उलट टोकाला व्हिएन्ना फिलहार्मोनिक पाहा. १९३३ पासून त्यांना कायमचा कंडक्टर नाही. कुणाला बोलवायचं ते वादकच ठरवतात, आणि तरीही बोलवतातच. जे वाल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या धुना, ते झोपेतही वाजवतील, त्या नववर्षाच्या मैफलीसाठी त्यांनी मेहतांना पाच वेळा बोलावलं: १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५. काठी हलवायला माणूस व्हिएन्नातही मिळाला असता.

वाद्य येत नाही, हे तर धादांत खोटं. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. मुलाचं बालपण तालमींत गेलं. १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेल्यावर त्यानं हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे कंडक्टिंग शिकलं आणि डबल बास हे मोठं तंतुवाद्य वाजवलं. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी विद्यार्थ्यांना बंद असत, तेव्हा मेहता आणि क्लाउदिओ अब्बादो हे दोघं चक्क कोरसमध्ये भरती झाले. गाता गाता नामांकित कंडक्टर कारायानचे हात जवळून बघता यावेत, एवढाच हेतू! १९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, बक्षीस म्हणून वर्षभर साहाय्यकाची नोकरी.

नशिबाचा मुद्दा मात्र मी निम्मा मान्य करतो. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला कंडक्टर फ्रित्झ राइनर आजारी पडले आणि बदली म्हणून मेहता उभे राहिले. तिथले नियोजित प्रमुख गेऑर्ग शोल्टी. त्यांना न विचारता व्यवस्थापनानं या पोराला साहाय्यक नेमलं, म्हणून शोल्टींनी राजीनामा दिला आणि खुर्ची मोकळी झाली. हे नशीबच. पण मग १९७८ पर्यंत त्या खुर्चीत टिकणं, नंतर १९९१ पर्यंत न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, इस्रायल फिलहार्मोनिकशी २०१९ पर्यंतची सोबत? एवढं लांबलचक नशीब मी तरी पाहिलेलं नाही.

राहता राहिला ऑपेरा. मजकूर लिहिणाऱ्याची इथे सगळ्यात मोठी चूक आहे, कारण कंडक्टरवर सर्वात जास्त भार इथेच असतो. गायक चालतो, पाठ फिरवतो, श्वास कमी पडला तर स्वर लवकर सोडतो. खड्ड्यातल्या वादकांना तो दिसत नाही, त्याला ते धड ऐकू येत नाहीत. दोघांमध्ये सामाईक एकच माणूस. १९९२ मध्ये रोमला पुच्चिनीच्या ‘तोस्का’चं थेट प्रक्षेपण झालं, कथेतल्या खऱ्या जागी आणि कथेतल्याच वेळी. चर्चमधला अंक चर्चमध्ये, शेवटचा पहाटे कास्तेल सांतान्जेलो या किल्ल्याच्या गच्चीवर. ऑर्केस्ट्रा मात्र शहरात दुसरीकडेच होता. प्लासिदो डोमिंगो गात होते ते पडद्यावर दिसणाऱ्या मेहतांच्या हाताकडे बघत.