उपासाच्या मिठाचं आकाश

ज्याच्या घरी चपलासुद्धा एका रेषेत लागतात, त्या माणसाने जलरंगांच्या वाटेला जाऊ नये. तैलरंग त्या मानाने दयाळू. बिघडलं तर वाळू द्यावं, खरवडावं, वरून दुसरा थर चढवावा, कोणाच्या बापाला कळत नाही. जलरंगात झाकापाक नाही. तिथे पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. त्यावर एकदा रंग चढला की गेला. शिवाय ब्रश आपल्या हातात असला तरी निम्मी सत्ता पाण्याची. माझी सगळी नोकरी हिशेबखात्यात गेली. पाण्याकडे व्हाउचर मागता येत नाही, हे पचायला मला फार जड गेलं.

त्यात राहायला इंदूर. दत्तात्रेय देवळालीकरांनी 1927 साली इथे चित्रकलेची शाळा काढली. चित्रकार ना. श्री. बेंद्रे त्यांच्याकडे शिकले, एम. एफ. हुसेनही शिकले. त्यामुळे रामबागेत कोणाकडे चहाला गेलात आणि सहज म्हणालात, "हल्ली जरा चित्रं काढतो," तर कोणीतरी काका बशी खाली ठेवून म्हणणारच, "असं? आमचे वडील देवळालीकर मास्तरांच्या वर्गात होते." पुढे ते एक अक्षर बोलत नाहीत. बोलायची गरजही नसते.

अशा गावात मी निवृत्तीनंतर होळकरांचा राजवाडा काढायला घेतला. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. शहाण्या माणसाने दगडाचा एक हात मारावा, लाकडाचा एक मारावा, खिडक्यांच्या जागी गडद ठिपके द्यावेत आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन गरम जिलबी खावी. मी खिडक्या मोजल्या. आधी फोटोत, मग पडताळणीसाठी चौकात उभं राहून, बोट नाचवत. ड्यूटीवरचा पोलीस बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला.

"क्या गिन रहे हो, काकाजी?"

"खिड़कियाँ."

त्याने वर पाहिलं. "कोई गायब है क्या?"

कागदाची तर वेगळीच कहाणी. 300 जीएसएमचा म्हणजे चांगला जाडजूड, शंभर टक्के कापसाचा, पाणी पडलं तरी न फुगणारा कागद मी मोठ्या हौसेने आणला होता. तो कपाटात हिच्या पैठणीखाली होता. पैठणी कोणाच्या तरी लग्नासाठी राखलेली, कागद हात बसल्यावर वापरायचा म्हणून राखलेला. दोन्हींचा मुहूर्त लागत नव्हता. साध्या कागदावर मी पट्टी लावून रेघा मारायचो, रबराने खोडायचो, पुन्हा मारायचो. कागदाची लव उठायची, त्यावर रंग फाटायचा, तो सारखा करायला पुन्हा ब्रश. जलरंगात एकाच जागी तिसऱ्यांदा हात फिरला की हमखास चिखल होतो. माझा राजवाडा पायापासून चिखलात होता.

आणि मग आकाशावर थेंब पडला. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाणी पडलं की ते रंगाला बाहेर ढकलत नेतं आणि कडेला कातरलेली किनार सोडून वाळतं. टिपायला जावं तर पसरतं. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. ही मागून म्हणाली, "अहो, ढग म्हणा की. कोण विचारायला येतंय?"

ओल्या रंगावर मीठ टाकलं की चांदण्या उमटतात, असं ऐकून होतो. म्हटलं, बिघडलंच आहे तर पुरतं बिघडवू. फळीवरचा पहिला हाताला लागला तो डबा आणला आणि चिमटीने भुरभुरलं. आतून आईचा आवाज आला, "मेल्या, ते एकादशीचं सैंधव आहे!"

पण काय काम केलं हो त्या सैंधवाने! प्रत्येक खडा भोवतालचं पाणी पीत बसला, रंग त्याच्यामागे सरकला आणि निळ्यात फिकट, काटेरी फुलं उमटली. वेळ मात्र साधावी लागते. कागदावर पाणी डबडबलेलं असताना टाकलं तर मीठ नुसतं विरघळतं, वाळल्यावर टाकलं तर ते आमटीतलं बरं. कागदाची चकाकी जाऊ-जाऊ करते, तो क्षण पकडायचा. बारीक मिठाने रवाळ ठिपके येतात, खड्याने फुलं.

त्यानंतर घरात काही सुरक्षित राहिलं नाही. मेणबत्तीने कागदावर अदृश्य रेघा मारायच्या आणि वरून रंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, रेघा पांढऱ्या उमटतात. जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवायचे (भिंतीचा विषय आमच्याकडे बंद आहे). करोनातली सॅनिटायझरची बाटली उरली होती, तिचा थेंब ओल्या रंगात टाकला की रंग दचकून बाजूला होतो आणि मध्ये गोल डोळा उघडतो. कागद म्हणाल तर घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. तिथे माझा हात इतका सैल सुटला की मलाच ओळखू येईना. इतकी वर्षं तो कलेच्या धाकाने आखडलाय असं वाटायचं. खरा धाक कागदाच्या बिलाचा होता.

आमच्या इंदुरात विष्णू चिंचाळकर गुरुजी होऊन गेले. वाळकं पान, झाडाची मुळी, तुटकी काडी उचलून त्यांना त्यात पक्षी दिसायचा, माणसाचा चेहरा दिसायचा. गुरुजींची नजर कुठून आणणार? पण जेवणं झाली की आम्ही पत्रिका उलटसुलट फिरवून बघत बसतो. हिला माझे सगळे नातेवाईक दिसतात. आईला म्हैस दिसते. कुठूनही धरा, म्हैसच.

राजवाड्यावरही एकदा हिंमत करून पाण्याचा फवारा मारला. लाकडी मजले दगडी मजल्यांवर ओघळले आणि इमारत पहिल्यांदा पावसात उभी असल्यासारखी दिसली. पोलिसाला सांगायला हवं, आता खरंच बऱ्याच गायब आहेत.

जित्याची खोड मात्र कुठे जाते? प्रयोगांची मी वही घातली आहे. रकाने आखलेत: मिठाचा प्रकार, किती मिनिटांनी टाकलं, हवा दमट की कोरडी, निकाल. परवा वही उघडली तर निकालाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आईच्या कापऱ्या अक्षरात एकच शब्द होता, "म्हैस". तळाशी तारीख घालून सहीसुद्धा केली होती.