पोप गेलासियसच्या नावावर खपवलेला व्हॅलेंटाइन

फेब्रुवारी लागला की हा फॉरवर्ड फिरतोच. यंदा मामांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकून खाली माझ्या धाकट्या बहिणीला टॅग केलं: "बघ, कसला सण साजरा करता तुम्ही!" म्हणून हे लिहिणं आलं. फॉरवर्ड सांगतो की रोममध्ये लुपरकेलिया नावाचा नंगा सण होता, त्यात मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढून मुलगे जोडीदार निवडायचे, आणि 496 साली पोप गेलासियसने त्यालाच व्हॅलेंटाइनचं नाव चिकटवलं.

आधी ते मडकं. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने हा सण बारकाईने टिपलाय. बकरे आणि एक कुत्रा बळी द्यायचे, रक्ताची सुरी दोन तरुणांच्या कपाळाला टेकवायची, दुधात भिजवलेल्या लोकरीने ते रक्त पुसायचं आणि मग त्या दोघांनी हसायचं. पुढे कातड्याचे पट्टे घेऊन जवळजवळ उघड्या अंगाने शहरभर धावत फटके मारायचे. शाळेत मुलं छडीसाठी हात पुढे करतात तशा बायका हात पुढे करायच्या, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून. मडकं कुठे आहे यात? चिठ्ठ्यांची गोष्ट 18व्या शतकात इंग्रज लेखक अल्बन बटलर सांगतो, तीही जुना पुरावा न देता. आणि त्या जोरावर मामा इथे पोरीची अक्कल काढणार!

गेलासियसने लुपरकेलियाला विरोध केला, एवढं मात्र खरं. अँड्रोमॅकस नावाच्या सिनेटरला लिहिलेलं त्याचं खरमरीत पत्र आजही वाचायला मिळतं. (काही अभ्यासक ते आधीच्या पोपच्या नावावर टाकतात, टाकोत.) सण बंद केला तर रोगराई येईल, असं सिनेटरचं म्हणणं. गेलासियस विचारतो, सम्राट अँथेमियस रोमला आला तेव्हा सण झालाच होता ना, मग तेव्हाची साथ कुठून आली? वर टोमणा असा की तुमचे पूर्वज स्वतः धावायचे, तुम्ही हलक्या लोकांना धाडता. एवढी श्रद्धा असेल तर स्वतःच कपडे काढून धावा की! अख्ख्या पत्रात व्हॅलेंटाइनचं नाव नाही, प्रेमाचं तर नाहीच नाही. शिवाय लुपरकेलिया 15 फेब्रुवारीला असे.

संत व्हॅलेंटाइनला गेलासियसने शोधलं म्हणावं, तर रोमच्या फ्लामिनियन रस्त्यावर त्या नावाचं चर्च पोप ज्युलियसने सुमारे दीडशे वर्षं आधीच बांधलं होतं. प्रेमिकांशी व्हॅलेंटाइनचं नातं जुळलं ते 14व्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या पाखरांच्या कवितेपासून. रोमन सम्राट क्लॉडियसने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली वगैरे दंतकथा आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

492 ते 496 एवढीच कारकीर्द मिळालेल्या गेलासियसने 494 साली सम्राट अनास्तासियसला लिहून कळवलं होतं की जग दोन सत्तांवर चालतं, धर्मगुरूंच्या आणि राजाच्या, आणि देवापुढे राजांचाही जाब धर्मगुरूंनाच द्यावा लागतो. युरोपात राजे आणि पोप पुढे कित्येक शतकं याच पत्राचा आधार घेत भांडले. फॉरवर्डवाल्यांना यातलं काही नको, नंगे धावणारे तेवढे हवेत.

फॉरवर्डचा शेवटचा मुद्दा, 1969 साली चर्चनेच व्हॅलेंटाइनला कॅलेंडरमधून काढलं. हो, जगभरच्या चर्चसाठी असलेल्या सणांच्या सार्वत्रिक कॅलेंडरमधून काढलं. संतपद काढलेलं नाही. रोमन हुतात्म्यांच्या यादीत 14 फेब्रुवारीला तो आहे, मामा, बघून घ्या.