जिल्हाभर बंदी आणि बिनवाटेचा डोंगर

पाऊस लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, पाठोपाठ पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश निघाले, आणि तेव्हापासून हा वाद दरवर्षी नव्याने उगवतो. काका म्हणतात, सरसकट बंद करा, रील्सपायी पोरं जीव गमावतात. चुलतभाऊ म्हणतो, सह्याद्री काय कलेक्टरसाहेबांच्या सातबाऱ्यावर आहे? मग कुणीतरी मला मध्ये ओढतं: तुमच्या स्कॉटलंडात कसं असतं रे?

इथला कायदा चुलतभावाच्या बाजूचा आहे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने, जमीन कुणाचीही असो, जबाबदारीने वागणाऱ्याला तिच्यावरून चालायचा हक्क दिला. घरांची अंगणं, उभी पिकं असे अपवाद आहेत, पण डोंगर मोकळा. केर्नगॉर्म्स डोंगररांगेच्या पश्चिमेला फेशी नदीच्या खोऱ्यातली बरीच जमीन एका डॅनिश अब्जाधीशाची आहे. मागच्या सप्टेंबरात मी आणि ग्लासगोत राहणारा माझा जुन्नरकडचा मित्र त्या खोऱ्यातून वर चढलो. ना फाटकावर पावती, ना कुणी विचारणारं.

कार्न बान मोर या माथ्यापर्यंत मळलेली वाट आहे. पलीकडे मोन्या वोर नावाचं पठार पसरलंय, नऊशे मीटरच्याही वर, आणि आम्ही मुद्दाम वाट सोडून त्यात घुसलो. पायाखाली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीची, काळी दलदल, मध्येच गुडघाभर खोल चर, आणि हिरवंगार शेवाळ, ज्यावर पाय ठेवला की घोट्यापर्यंत थंडगार पाणी. ढग खाली उतरले तसं पन्नास पावलांपलीकडचं दिसेना. तेवढ्यात मित्राला गवतात पुसटशी पायवाट दिसली. "ढोरवाट आहे रे, उतरेल कुठल्यातरी वस्तीत." ती हरणांची निघाली. जुन्नरच्या डोंगरात गुरं संध्याकाळी गोठ्याकडे वळतात, म्हणून त्यांच्या वाटेवर भरवसा ठेवता येतो. इथली हरणं कुठे घरी जाणार? ती वाट चरत चरत एका ओल्या खळग्यात विरून गेली.

मग नकाशावरून दिशा धरली. होकायंत्र माझ्या हातात, पावलं मोजायचं काम त्याच्याकडे. दर शंभर मीटरला तो एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा. मळलेल्या वाटेला परत लागल्यावर म्हणाला, "आपल्याकडे निदान कुणाला तरी विचारता येतं, मामा, वाट कुठली? इथं मामाच नाही."

मामा नाही, कारण त्याला हाकलून दिलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हायलँड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी खोरीच्या खोरी कुळांकडून रिकामी करून घेतली. इथल्या मोकळ्या डोंगरांचं कौतुक करताना हे विसरू नये. आपले डोंगर रिकामे नाहीत. वाटाड्या गावातला, पिठलं-भाकरी गावातली, कुणी दरीत कोसळलं तर दोर घेऊन उतरणारेही गावातली पोरं आणि ट्रेकर संस्थांचे कार्यकर्ते. जिल्हाभर बंदी लागली की शहरातला माणूस रविवार मॉलमध्ये काढतो, हंगाम बुडतो तो या लोकांचा.

म्हणून काकांचं मला पटत नाही. चुलतभावाचंही अर्धंच पटतं, कारण गर्दी झाली की स्कॉटिश लोकसुद्धा हक्काला मुरड घालतात. लॉक लोमंड तळ्याकाठी कचरा, ओली झाडं तोडून पेटवलेल्या शेकोट्या, दारूचा धिंगाणा हे सगळं झालं, तेव्हा २०१७ पासून तिथल्या ठरावीक किनाऱ्यांवर मार्च ते सप्टेंबर परवान्याशिवाय तंबू ठोकायला मनाई आली. पण मनाई तेवढ्या पट्ट्यांवर, तेवढे महिने आणि मुख्यतः तंबूपुरती. चालणाऱ्याला कुणी अडवत नाही. भुशीला पाण्यात उतरू नका, हे बरोबरच आहे. पण त्यासाठी गुंजवण्यातून राजगड चढणाऱ्याला थांबवायचं कारण काय? आदेश काढणाऱ्याला धबधब्यांची नावं, धोक्याच्या जागा, पाण्याची पातळी एवढं लिहावं लागेल, म्हणजे आधी तिथे जाऊन बघावं लागेल. सरसकट बंदी खुर्चीत बसून घालता येते.

हक्काच्या मागे इथे बरीच यंत्रणा उभी आहे. डोंगरमाथ्यावरचा वारा किती, ढग किती उंचीवर, याचा वेगळा अंदाज रोज मिळतो. अडकलेल्याला सोडवायला जाणारे स्वयंसेवकच असतात, एक पैसा घेत नाहीत. पण समन्वयाची जबाबदारी पोलिसांची, गरज पडली तर तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर, आणि सरकारी अनुदानही. आपल्याकडे तशीच निष्ठेची माणसं आहेत. त्यांना चांगले दोर, स्ट्रेचर आणि विमा हवा. गडावर रेलिंग आणि स्वागतकमान त्यानंतर.

हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा काकांनी विचारलं, पैसे कोण देणार? कितीतरी गडांच्या पायथ्याला आजही माणशी पावती फाडली जाते. तिच्यातला ठरलेला हिस्सा त्याच तालुक्यातल्या बचाव पथकाला द्या, आणि हिशेब पावतीच्या टेबलाशेजारी फळ्यावर लावा.