'आज विमान नाही' म्हणणाऱ्या पायलटला शिव्या घालू नका

रात्री खराब हवेत एखादं छोटं विमान पडलं की लोकं दोनच गोष्टी बोलतात, नशीब वाईट होतं नाहीतर पायलटला विमान येत नव्हतं. मला दोन्ही पटत नाही. आणि हे मुद्दाम आपल्या सातारा-सांगलीच्या माणसांसाठी लिहितोय, कारण कराडचा विमानतळ मोठा करा, सांगलीजवळ कवलापूरला विमानतळ करा असं आपण सगळेच म्हणतोय, मी पण म्हणतो.

१६ जुलै १९९९ ची रात्र घ्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी, त्यांचा मुलगा जॉन, ३८ वर्षांचा, स्वतःचं पायपर साराटोगा विमान घेऊन न्यू जर्सीवरनं निघाला, सोबत बायको आणि मेव्हणी. दुसऱ्या दिवशी घरात लग्न, निघायलाच अंधार पडलेला, हवा धुरकट आणि खाली समुद्र. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर बघून विमान चालवायचं रेटिंग, म्हणजे तसा परवाना, त्याच्याकडं नव्हता, ट्रेनिंग अर्धवट होतं. एक इन्स्ट्रक्टर बरोबर येतो म्हणाला होता, त्याला नको म्हणाला. तिघंही गेले. चौकशीत विमानात काहीच बिघाड सापडला नाही!

मग झालं काय? आपल्या कानाच्या आत अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव असतो, डोकं वळलं की तो हलतो आणि मेंदूला कळतं आपण वळतोय. पण विमान हळूहळू एका अंगाला कललं तर कानाला ते कळतच नाही, आणि वळण बराच वेळ चाललं की तो द्रव पण नळीबरोबरच फिरायला लागतो, मेंदू म्हणतो सगळं सरळ चाललंय. दिवसा डोळ्यांना क्षितिज दिसतं म्हणून माणूस सावरतो, रात्री ढगात क्षितिज कुठनं आणणार. उंची कमी होताना दिसते म्हणून पायलट कंट्रोल मागं ओढतो, पण विमान कललेलं असल्यानं वर जायच्या ऐवजी वळण अजून आवळत जातं आणि विमान गोल फिरत खाली येतं. याला ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं उपकरणांची सवय नसलेल्या २० जणांना अशा बाहेरचं काही न दिसणाऱ्या स्थितीत टाकून बघितलं, विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदात. तीन मिनिटं पण नाहीत! म्हणून पायलटला अक्कल नव्हती म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, तिथं शरीरच फसवतं ओ.

खरा निर्णय जमिनीवर असतानाच घ्यायचा असतो. खंबाटकी घाटात धुकं दाटलं तर ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन थांबतो, आकाशात बाजूला घ्यायला जागा नाही. आणि जमिनीवर पायलटच्या डोक्यावर कोण बसलेलं असतं तर आपणच, साहेबांचा कार्यक्रम आहे, पाहुणे खोळंबलेत, पैसे भरलेत, एवढ्याशा ढगाला काय घाबरता. २००१ ला माधवराव शिंदे गेले ते सुद्धा छोटंच विमान आणि खराब हवा, आणि ते तर दिवसा.

आता आपल्याकडं नाइट लँडिंग पाहिजे अशी मागणी सुरू झाली की सगळे रनवेच्या लाइटबद्दल बोलतात. अहो पण ढगातनं लाइट दिसायला तर पाहिजेत! पावसाळ्यात ढग किती खाली उतरतात हे पाटण-कोयनेच्या माणसाला मी काय सांगणार. लाइटच्या बरोबरीनं दृश्यमानता आणि ढगांची उंची मोजायची यंत्रं पाहिजेत, ती वाचून दर थोड्या वेळानं पायलटला सांगणारं माणूस पाहिजे, आणि डोंगर टाळून नुसत्या उपकरणांवर खाली उतरायची ठरवून दिलेली वाट पाहिजे. हे नसेल तर लाइट लावून फक्त उद्घाटन होईल.

म्हणून आता जे कोण निवेदन घेऊन कलेक्टर ऑफिसला जातील त्यांना हात जोडून विनंती, धावपट्टीच्या लांबीच्या आधी हवामानाची यंत्रणा लिहा, आणि त्याखाली हे पण लिहा की हवा खराब आहे म्हणून पायलटनं फ्लाइट रद्द केली तर मंत्री असो नाहीतर कारखान्याचा चेअरमन, पायलटला कुणी फोन करायचा नाही.