सुपर लीग आपल्या नावावर खपवायची होती भावांनो

परवा आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर परत सुपर लीगचा विषय निघाला आणि रात्री दीड वाजेपर्यंत वाद चालला. तिथं तुकड्या तुकड्यात टाइप करून माझं म्हणणं नीट पोचलंच नाही, म्हणून इथं सगळं एकदाच लिहितोय. लांब झालंय, पण वाचा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. १८ एप्रिल २०२१, तिकडं रविवारची रात्र, आपण सोमवारी सकाळी उठून फोन बघितला तर बातमी. इंग्लंडचे सहा क्लब (त्यात लिव्हरपूल पण), स्पेनचे तीन, इटलीचे तीन, असे बारा जण मिळून स्वतःची वेगळी लीग काढणार. टीम २०, त्यातले १५ (हे बारा आणि अजून तीन) संस्थापक म्हणून कायमचे, कितीही हरले तरी बाहेर जायचं नाही, आणि उरलेल्या ५ जागांवर बाकी सगळ्या युरोपनं भांडायचं. रियल माद्रिदचे फ्लोरेंतिनो पेरेझ अध्यक्ष, पैसा जेपी मॉर्गन ह्या अमेरिकन बँकेचा, संस्थापकांना मिळून सुरुवातीलाच साडेतीन अब्ज युरो. जर्मनीचे बायर्न, डॉर्टमुंड आणि पॅरिसचे पीएसजी आले नाहीत. मंगळवारी संध्याकाळी चेल्सीचे लोक त्यांच्या स्टेडियमबाहेर, स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर, रस्ता अडवून बसले, चेल्सीचा जुना गोलकीपर पीटर चेक स्वतः गर्दीत येऊन जरा वेळ द्या म्हणून सांगत होता, आणि त्याच रात्री इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब मागं फिरले. दोन दिवसांत खेळ खलास.

आता आमच्या ग्रुपवरचा एक मित्र, माझ्यापेक्षा जास्त मॅच बघतो, फुटबॉल कळतं त्याला, त्याचं म्हणणं असं की भावा, आपल्याला काय फरक पडतो? आपण काय लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड स्टेडियमच्या शेजारी राहतोय का? आपण रात्री झोपमोड करून बघणार, मग दर आठवड्याला लिव्हरपूल-रियल, बार्सा-सिटी असं दिसलं तर वाईट काय, बर्नलीसारख्या छोट्या क्लबची मॅच इथं कोण बघतंय. आणि ग्रुपवर निम्म्या लोकांनी त्याला थंब्स अप दिलं.

मला ह्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास होतो. कारण ती लीग नेमकी ह्याच वाक्यावर उभी करायची होती. तेव्हा बीबीसीनं बातमी दिली होती की ह्या प्लॅनमधले काही लोक पिढ्यान्‌पिढ्या स्टेडियमला जाणाऱ्या तिथल्या लोकांना ‘लेगसी फॅन’ म्हणतात, म्हणजे जुन्या जमान्यातले, आणि त्यांना हवेत ते ‘उद्याचे फॅन’, ज्यांना फक्त मोठे स्टार बघायचेत. पेरेझनी टीव्हीवर येऊन सांगितलं की तरुण पोरांना फुटबॉलमध्ये इंटरेस्ट राहिला नाही, मॅचची वेळसुद्धा कमी करायला लागेल. हे उद्याचे फॅन म्हणजे कोण? आपणच की. कोल्हापूर, पुणे, ठाणे, जकार्ता, लागोस इथं स्क्रीनसमोर बसलेले. आपल्याला विचारलं कुणी नव्हतं, पण आपली नावं पुढं करून तिकडच्या माणसाचा शंभर वर्षांचा हक्क काढून घ्यायचा होता.

मी लिव्हरपूलवाला आहे, २००५ पासून. ती इस्तंबूलची रात्र, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपच्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल, आपल्याकडं सव्वाबाराला मॅच सुरू झाली, हाफ टाइमला मिलान ३-० पुढं, बाबा म्हणाले झोप आता, मी झोपलो नाही. मग सहा मिनिटांत तीन गोल, जेरार्ड, स्मित्सर, अलोन्सो, आणि पेनल्टीवर कप. सगळ्यांना हे पाठ आहे. पण त्याच सीझनला लिव्हरपूल प्रीमियर लीगमध्ये पाचवे आले होते आणि एव्हर्टन चौथे, हे किती जणांना आठवतं? आणि डिसेंबर २००४ मध्ये ऑलिम्पियाकोसविरुद्ध दोन गोलच्या फरकानं जिंकायलाच पाहिजे होतं, नाहीतर चॅम्पियन्स लीगमधून तिथंच बाहेर, आणि शेवटच्या काही मिनिटांत जेरार्डनं लांबून तो गोल मारला म्हणून ३-१. इस्तंबूल त्या गोलामुळं घडलं. बाहेर फेकले जायची भीती होती म्हणून त्या गोलाला किंमत होती.

आणि हे जुनं झालं म्हणत असाल तर सुपर लीगच्याच वर्षातलं घ्या. घोषणेनंतर महिनापण झाला नव्हता, १६ मे २०२१. लिव्हरपूलला टॉप फोर, म्हणजे पुढच्या चॅम्पियन्स लीगची जागा, गाठायला जिंकणं भाग होतं, समोर वेस्ट ब्रॉम, आधीच रेलिगेट झालेली, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाणार हे पक्कं झालेली टीम, स्टेडियम रिकामं, आणि ९५ मिनिटं झाली तरी १-१. कॉर्नर मिळाला, गोलकीपर ॲलिसन पुढं आला आणि हेडर मारून गोल केला. क्लबच्या इतिहासात ऑफिशियल मॅचमध्ये गोल करणारा पहिला गोलकीपर. त्याचे वडील फेब्रुवारीतच गेले होते, आभाळाकडं हात करून रडत होता तो. आपल्याकडं दुसरी लाट होती, घराघरात वाईट बातम्या होत्या, रात्री अकराला मी घरात एकटा उभा राहून ओरडलो आणि नंतर डोळे भरून आले. आता मला सांगा, लिव्हरपूलची जागा जर १५ कायमच्यांमध्ये पक्की असती तर ह्या गोलाचं काय झालं असतं? एक वेगळा व्हिडिओ, गोलकीपरनं गोल मारला म्हणून शेअर केला असता, बस. चौथे आलो काय आणि नववे आलो काय, सारखंच. त्या सहांमधलं आर्सेनल घोषणा झाली तेव्हा नवव्या नंबरवर होतं आणि त्याच सहांमधल्या टॉटनहॅमनं लीग शेवटची जिंकली १९६१ मध्ये. आणि हे म्हणे कायमचे एलिट.

लीड्सचं पण आठवा. घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी लिव्हरपूलची मॅच लीड्सच्या स्टेडियमवर, एलंड रोडवर. लीड्सची पोरं वॉर्मअपला टी-शर्ट घालून उतरली, चॅम्पियन्स लीगचा लोगो आणि लिहिलेलं की ही जागा कमवून घ्या. आणि हे बोलायचा हक्क त्या क्लबला होता, २००४ मध्ये खाली गेलेले, पार तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरलेले, १६ वर्षांनी परत वर आलेले. २००४ ला खाली गेलेल्या त्या टीममध्ये एक लोकल पोरगा होता, जेम्स मिलनर, आणि २०२१ ला तो समोर लिव्हरपूलच्या जर्सीत होता. मॅच १-१ झाली, नंतर कॅमेऱ्यासमोर सरळ बोलला की मला हे आवडलेलं नाही आणि हे होऊ नये. स्वतःच्या मालकाविरुद्ध. मला त्या दिवशी मिलनरचा फार अभिमान वाटला.

मित्र म्हणतो तू कधी ॲनफिल्डला गेलायस का. नाही गेलो. पण मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला वाढलोय. पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींच्या टीमची मॅच असली की पेठेत दुपारपासून दुसरा विषय नसतो, खांद्यावर बसून बघितलंय मी हे, आणि एखाद्या लहान तालमीच्या पोरांनी मोठ्या टीमला पाडलं की आठवडाभर चौकात तेच चालतं. उद्या चार मोठ्या तालमींनी ठरवलं की गर्दी आमच्यामुळं होते, तेव्हा इथून पुढं शाहू स्टेडियमवर आम्हीच खेळणार, बाकीच्यांनी बाहेरून बघा, तर कोल्हापूर ऐकून घेईल का? हे ज्याला कळतं त्याला लीड्सवाल्याचा राग कळतो, त्यासाठी व्हिसा लागत नाही.

आणि बंद लीगनं काय होतं हे बघायला युरोपला जायची पण गरज नाही, गोव्याला जा. डेम्पो, देशाची लीग पाच वेळा जिंकलेला क्लब. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ ला सुरू झाली ती फ्रँचायझींची, खालून वर यायला दारच नव्हतं. २०१६ ला ठरायला लागलं की आयएसएलच एक नंबरची लीग होणार आणि आय-लीग, तोवरची देशाची एक नंबरची लीग, खाली जाणार, तेव्हा डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. मडगावचा माझा एक मित्र आहे, तो आयएसएलमधल्या एफसी गोवाची मॅच बघायला फातोर्ड्याला जातो, मनापासून जातो, पण म्हणतो की डेम्पो-साळगावकरच्या मॅचला आमच्या घरात दोन पार्ट्या पडायच्या, ते गेलं ते गेलंच. आय-लीग जिंकून वर जायचा रस्ता उघडला २०२३ ला, पंजाबचा क्लब पहिला गेला. डेम्पो नंतर आय-लीगमध्ये परत आले पण मधली वर्षं कोण भरून देणार?

मित्राचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो मी टाळणार नाही. तो म्हणतो की आत्ता तरी कुठं समान स्पर्धा आहे, बायर्ननं सलग ११ वेळा जर्मनीची लीग बुंडेसलिगा जिंकली, युरोपचं फुटबॉल चालवणारी युएफा काय धुतल्या तांदळाची आहे का. नाहीच आहे. सुपर लीगच्या गोंधळात, १९ एप्रिललाच, युएफानं ३६ टीमची नवी चॅम्पियन्स लीग मंजूर करून घेतली, जास्त मॅच म्हणजे जास्त पैसा, हाच हिशोब. आणि डिसेंबर २०२३ मध्ये युरोपच्या कोर्टानं सांगितलं की नव्या स्पर्धांना परवानगी द्यायचे युएफा-फिफाचे तेव्हाचे नियम बेकायदेशीर होते. सगळं खरं. पण ११ वर्षांनंतर २०२४ ला लेव्हरकुसेननं एकही मॅच न हरता ती लीग जिंकलीच ना? दार लहान आहे, जड आहे, पण आहे. सुपर लीगवाले तिथं भिंत बांधणार होते, हा फरक आहे आणि माझ्यासाठी हा फरक सगळ्यात मोठा आहे. इंग्लंडमध्ये तर आता २०२५ ला कायदाच झाला, क्लबांवर स्वतंत्र रेग्युलेटर आला, असल्या बंद लीगमध्ये जायला मनाई करता येते. लोक रस्त्यावर बसले म्हणून झालं हे.

शेवटी ग्रुपवर मला विचारलं गेलं की लीग खरंच सुरू झाली असती तर तू बघायचं सोडलं असतंस का, खरं सांग. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, आता देतो. सुपर लीग बघितली नसती. त्या सोमवारी सकाळी मी माझी लाल जर्सी घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवली होती, दोन दिवस बाहेर काढली नाही, आणि लिव्हरपूलनं माघार घेतल्याचं बुधवारी सकाळी वाचलं तेव्हा आईला म्हटलं आज ती लाल जर्सी घालतो, इस्त्री झालीय का बघ.